उजवा हातमोजा

"हे माणसाच्या हाताचे आहेत की अस्वलाच्या पंजाचे?" मुकादमिणीने डबा दुकानदाराकडे परत सरकवला. "माझ्या नातीला गोलमध्ये उभं राहायचंय. पोळं उतरवायचं नाहीये."

दुकानदार हसला. छताला टांगलेल्या जाळीत फुटबॉल कोंबलेले होते, त्यांच्याखाली तो रबराच्या वासात उभा होता. "आजी, गोलकीपरचे ग्लोव्हज असेच जाड असतात. आणि जरा मोठेच घ्यायचे. घट्ट घेतले तर शिवण उसवते."

"तू मला हातमोजे शिकवतोयस?"

"नाही हो. मी फक्त विकतो."

"मग वीक. त्याच्याखालचा नंबर काढ."

शेजारी स्टुलावर बसलेल्या नातीने डोळे मिटून घेतले. आजीबरोबर दुकानात जाणं म्हणजे काय असतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मुकादमीण काही विकत घेत नसे, ती दुकानाची तपासणी करत असे. आणि हा तर हातमोज्यांचा विषय, म्हणजे आगीत तेलच.

गावाबाहेरच्या हातमोज्यांच्या कारखान्यात तिची उभी हयात गेली होती. वेल्डिंग करणारे, विजेच्या तारा ओढणारे, अशांसाठी तिथे चामड्याचे मोजे शिवले जायचे. जेमतेम शाळा शिकलेली ती तिथे दोरे कापायला म्हणून लागली आणि चाळीस बायकांवर मुकादम होऊन बाहेर पडली. कारखाना बंद झाला, तिथे आता कपाटांचं गोदाम आहे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. अख्खी गल्ली तिला मुकादमीण म्हणते, आणि तिला ते आवडत नाही असं ती कधी म्हणाली नाही.

तिथला तिचा एक कायदा होता. एखाद्या कामगाराने मोजा परत पाठवला, की घट्ट होतो, रुततो, तर साहेब लोक म्हणायचे त्याचा हातच बेढब असेल. मुकादमीण तो मोजा उलटा करायची आणि शिवण शोधायची. "हात चुकत नाही," ती म्हणायची, "मोजा चुकतो." आणि दर वेळी चूक मोज्यातच सापडायची.

नातीला टीममध्ये सगळे कडी म्हणत. कडी लागली की दार बंद, म्हणून. उंच, हडकुळी, गुडघे कायम सोललेले. सहावीत असताना एकदा गोलकीपर आली नाही म्हणून हिला उभं केलं, तेव्हापासून ती त्या दोन खांबांमधून हलली नव्हती. रविवारी जिल्ह्याच्या टीमची निवड होती. गोलकीपर एकच घेणार होते, आणि कडीचे जुने ग्लोव्हज तळव्यांवर झिजून साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. कोच मॅडमनी सांगितलं होतं, हे घालून आलीस तर बॉल हातातून निसटेल आणि टीमही. वर्षभर पोरीच्या तोंडात रविवारशिवाय दुसरा वार नव्हता.

खरं तर ग्लोव्हज आणायला तिची आई येणार होती. पण आईचं, म्हणजे मुकादमिणीच्या एकुलत्या एक लेकीचं, जिना उतरणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. तिची बोटं सांध्यांतून सुजून, वारा लागलेल्या गवतासारखी सगळी एका बाजूला कलली होती. कठडा धरता येत नसे. केस मुकादमीण विंचरून द्यायची, बटणं कडी लावायची. जावई मालट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे दुखणं रक्तातून खाली उतरू शकतं, उतरेलच असं नाही. मुकादमिणीने त्या वाक्याचा मागचा तुकडा तेवढा पदराला बांधून घरी आणला होता.

दुकानदाराने खालचा नंबर काढला. डावा मोजा कडीच्या हातात सरसर गेला. मुकादमिणीने तो कारखान्यातल्यासारखा बसवला, दोन-दोन बोटांच्या बेचक्यात दाबत, मनगटाशी ओढून. "बघ," ती दुकानदाराला म्हणाली, "याला म्हणतात बसणं."

उजवा मात्र अर्ध्यावर अडला.

"चालेल आजी," कडी घाईने म्हणाली. "बसतोय."

"काय बसतोय? अडलाय." मुकादमिणीचा चेहरा उजळला. चूक सापडली की तिचा चेहरा असाच उजळायचा. "अरे, जोडी चुकवलीस तू. हा डावा एका नंबरचा आणि उजवा दुसऱ्याच. कुठल्या आंधळ्याने भरलेत हे डबे?"

"कंपनीतून सीलबंद येतात, आजी."

"कंपनीत काय देव बसलेत? तिथेही माणसंच असतात आणि ती चहाला उठतात. दुसरा डबा फोड."

दुसरा डबा फुटला. डावा सरसर, उजवा अडला. तिसरा फुटला. दुकानात आलेला एक बाप पोराला घेऊन निघून गेला. दुकानदाराने घाम पुसला. "आजी, तिन्ही जोड्या चुकीच्या कशा असतील?"

"एकाच बाईने शिवल्या असतील तर असतात. माझ्याकडे होती तशी एक. नवऱ्याशी भांडून आली की सगळे उजवे मोजे आखूड." तिने तिसऱ्या डब्यातले दोन्ही मोजे घेतले, काउंटरवर तळव्याला तळवा लावून ठेवले, आणि दुकानदाराला दाखवायला म्हणून वरून दाबले. "आता बघ तुझ्या डोळ्यांनी."

बोटाला बोट जुळलं. अंगठ्याला अंगठा. कडेला सूतभरही काही बाहेर नव्हतं.

तिने पहिल्या डब्यातले ठेवले. तेही जुळले.

"काही मुलींचा उजवा हात असतो थोडा मोठा," दुकानदार समजुतीने म्हणाला. भला माणूस होता. "खेळून खेळून."

"असतो ना?" मुकादमिणीने विचारलं. दुकानदाराला तिने आतापर्यंत विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर तिला स्वतःला माहीत नव्हतं.

"असतो की."

तिने नातीचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला. हजारो हात हाताळलेल्या त्या बोटांनी एकेक सांधा चाचपत ती करंगळीकडून वर आली. मधल्या बोटाच्या मुळाशी थांबली. तिथे मांस गरम होतं, आणि दाबलं तर भिजवून ठेवलेल्या पिठासारखं दबत होतं. शेजारच्या बोटाचंही तेच. कडी छताच्या जाळीतले फुटबॉल बघत होती, अगदी लक्ष देऊन.

"बॉल लागला होता," ती म्हणाली.

"कधी?"

"मागे."

"मग सूज उतरली का नाही?"

"परत लागला."

मुकादमिणीने आवाज खाली आणला. घरच्यांना तो आवाज फारसा माहीत नव्हता. "सकाळी उठल्यावर मूठ मिटते?"

दुकानदार उगाच डब्यांची झाकणं लावत राहिला.

"थोड्या वेळाने मिटते," कडी म्हणाली. "गरम पाण्यात धरली की."

लेकीनेही नेमकं हेच सांगितलं होतं. ती तेव्हा कॉलेजात होती, आणि मुकादमीण म्हणाली होती, उशाखाली हात घेऊन झोपू नकोस, बस.

"यातले बघा," दुकानदाराने वरच्या फळीवरून एक डबा काढला. "यात बोटांच्या मागे पट्ट्या आहेत. बॉल कितीही जोरात आला तरी बोट मागे वळत नाही. थोडे मोठ्या नंबरचे आहेत, उजवा आरामात जाईल."

"हेच," कडी एकदम म्हणाली. "मला हेच हवेत."

मुकादमिणीने तिच्याकडे पाहिलं. पोरीने डबा उघडायच्या आधीच हो म्हटलं होतं. म्हणजे अशा पट्ट्या असतात हे तिला माहीत होतं. म्हणजे तिने ते कुठेतरी शोधलं होतं, कोणाच्या तरी फोनवर, एकटीने.

उजवा हात आत गेला. डावा आत जाऊनही वर रिकामी जागा राहिली.

"डावा खालच्या नंबरचा दे आणि उजवा हा," मुकादमीण म्हणाली.

"जोडी फोडता येत नाही, आजी. उरलेल्याचं मी काय करू?"

एरवी तिने त्याला उरलेल्याचं काय करायचं ते सविस्तर सांगितलं असतं. आज तिने पदराची गाठ सोडली आणि त्याने सांगितले तेवढे पैसे काढून ठेवले. घासाघीस नाही, एक शब्द नाही. दुकानदार बावरून म्हणाला, "आजी, रागावलात का?"

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "मोजे चांगले आहेत तुझे."

परतीच्या रस्त्यात दोघी सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत आल्या. मग कडी म्हणाली, "आईला सांगू नकोस."

"तुझ्या आईपासून आजवर मी काय लपवलंय?"

"तिचा निळा स्वेटर तू गरम पाण्यात घालून आक्रसवलास. ती अजून शेजारच्या मिस्त्रीणकाकूंवर संशय घेते."

"ते वेगळं."

"रविवार होऊ दे, आजी. फक्त रविवार. मग तू म्हणशील तिथे येते."

"आणि निवड झाली तर? पुढचं काय? तिथे रोज सकाळी गरम पाण्याची बादली घेऊन उभी राहणार आहे मी?"

कडीने डबा डाव्या काखेत धरला होता. ती म्हणाली, "नाही गेले तर हात बरे होतील का?"

या बाईच्या तोंडाला लागायची गल्लीत कोणाची हिंमत नव्हती. घरमालक तिच्यासमोर आवाज चढवत नसे. रेशनवाला तिला बघून वजनाचा काटा पुसायचा. लेकीच्या दुखण्यावर तिने डॉक्टर केले, वैद्य केले, तेलं केली, पथ्यं केली, नवसही केले, आणि एकेक करत सगळीकडे हात टेकले. आता तेच दुखणं तिला ओलांडून, लेकीलाही ओलांडून पुढे निघालं होतं, आणि तिचे स्वतःचे हात मात्र या वयातही सुईत दोरा ओवत होते. द्यायचंच होतं तर पत्ता का चुकावा, हे तिने कोणाला विचारायचं?

"सोमवारी हॉस्पिटल," ती म्हणाली. "रविवार तुझा, सोमवार माझा. त्यात बदल नाही."

"नाही."

"चल मग. आणि तोंड नीट कर, मोजे आणायला गेलो होतो, मयताला नाही."

दुपारी लेक झोपली तेव्हा मुकादमिणीने सुईचा डबा काढला. डावा मोजा उलटा करता येत नव्हता, तळव्याला सगळा फोम. चामडं असतं तर तिने डोळे मिटून आवळला असता. इथे सुई फोमपर्यंत गेली की तो फाटणार. तिने आतलं अस्तर तेवढं बोटांच्या टोकांनी चिमटीत धरलं आणि एकेका बोटाला आतून चार-चार टाके घातले. मोजा बाहेरून जसाच्या तसा राहिला.

"काय करतेस आई?"

लेक दारात उभी होती. चपला घालणं तिने केव्हाच सोडलं होतं, आवाज करतात म्हणून नव्हे, बक्कल लावता येत नाही म्हणून.

"सैल आहे. आवळतेय."

"एकच?"

मुकादमिणीने सुई वर केली नाही. "दुकानदाराने जोडी चुकवली. डावा मोठा दिला."

"आणि तू घेऊन आलीस?" लेक भिंतीला टेकून हसायला लागली. ती फार क्वचित अशी हसायची. "चाळीस बायकांची मुकादमीण तू, आणि चुकीची जोडी घेऊन घरी आलीस? परत नाही केलीस? त्याच्या सात पिढ्या नाही काढल्यास?"

"वय झालं," मुकादमीण म्हणाली. "नजर चुकली."

हे वाक्य त्या घरात कधी कोणी ऐकलं नव्हतं. लेक हसायची थांबली. जवळ येऊन बसली. "अगं, गंमत केली. एवढं काय. कोणाचंही होतं." आणि आपल्या कललेल्या हाताने तिने आईची पाठ हळूहळू चोळली. मुकादमीण शिवत राहिली. तिला रडू आलं असतं तर सोपं झालं असतं, पण ती सवय तिला नव्हती.

रविवारी मैदानावर ऊन होतं. मुकादमीण गोलच्या मागे, पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. लोकांनी तिला खुर्ची दिली तर म्हणाली, तिथून खांब आडवा येतो. समोरच्या गोलमध्ये दुसरी गोलकीपर होती, गोरी, मजबूत, बाप आणि दोन काका घेऊन आलेली. तिने एक बॉल अडवला की तिघेही ओरडायचे.

कडीकडे बॉल आले, भरपूर आले. खाली आलेले तिने अंगावर घेतले. डावीकडचे पकडले. उजवीकडून एक उंच बॉल आला, अगदी हातात येण्यासारखा, आणि पोरीने तो पकडला नाही. तिने उडी मारली आणि ठोसा मारून तो मैदानाबाहेर घालवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "काय धाडस आहे." मुकादमिणीने पाहिलं, ठोसा डाव्या मुठीने होता. दोन्ही हात वर गेले होते, मारला मात्र एकानेच.

असं परत झालं. आणि परत. सगळ्यांना वाटलं, ही तिची खेळायची पद्धत. बॉल दूर गेला की कडी खांबाला पाठ लावून उभी राही आणि उजवा हात काखेत घाली, थंडी वाजल्यासारखा, त्या भर उन्हात.

शेवटी समोरच्या टीमची एक मोकळी सुटलेली पोर बॉल घेऊन एकटी समोर आली. कडी पुढे धावली, तिच्या पायांवर आडवी पडली, आणि बॉल दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला. शिट्टी वाजली तरी सोडेना. मॅडमनी जाऊन तिला उठवलं. बॉल काढून घ्यावा लागला. मुकादमिणीला तिचा चेहरा दिसला, आणि ती बादलीवरून उठली. पण मैदानात जाता येत नव्हतं, चुन्याची रेघ होती. ती रेघेशी उभी राहिली.

खेळ संपल्यावर मॅडम तिच्याकडे आल्या. तरुण होत्या, घामेजलेल्या, खूश. "आजी, घेतलं हिला. एकमताने. पुढच्या महिन्यात कॅम्प. पोरगी पकडते कमी, पण भीत नाही बघा कशाला."

"नाही भीत," मुकादमीण म्हणाली.

"हिचे हात म्हणजे सोनं आहे. जपा हं तुम्ही."

मुकादमिणीला दोन शब्द सांगायचे होते. सोमवार म्हणायचं होतं, डॉक्टर म्हणायचं होतं. मॅडमच्या मागे कडी उभी होती. मैत्रिणी तिला उचलायला बघत होत्या, कोणी तिचे केस विस्कटत होतं, आणि ती आजीकडेच बघत होती.

"जपते," मुकादमीण म्हणाली.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. लेक जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली होती, एवढं तरी समोर यावं म्हणून. कडी तीन-तीन पायऱ्या गाळत वर गेली आणि दोघी तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मिस्त्रीणकाकू दार उघडून म्हणाल्या, "काय गं, लग्न ठरलं का कोणाचं?" लेक म्हणाली, "त्याहून मोठं आहे." मुकादमीण बाजूने आत गेली आणि दूध तापत ठेवलं.

तिने दोन पेले काठोकाठ भरून टेबलावर ठेवले. दोघी अजून बोलतच होत्या. कॅम्प कुठे, कपडे कोणते, बाबांना फोन कधी लागेल. लेकीने पेला नेहमीसारखा दोन्ही तळव्यांमध्ये दाबून उचलला, बोटं हवेतच ठेवून. "आणि तो शेवटचा बॉल," ती म्हणाली, "तो सांग ना परत, कसा धरलास."

"काही नाही गं, पडले त्याच्यावर," कडी म्हणाली. तिनेही पेला उचलला. दोन तळव्यांत दाबून, बोटं हवेत. वर नेताना तो कलला, थोडं दूध तिच्या जर्सीवर सांडलं, आणि तिने तो घाईने खाली ठेवला. "गरम आहे," ती म्हणाली.

लेक फोनकडे बघत होती. "अगं हळू," एवढंच म्हणाली.

मुकादमिणीने काही पाहिलं नाही असं दाखवत फडकं आणलं आणि टेबल पुसलं. मग दोघींचे पेले उचलून ओट्यापाशी नेले, आणि पाठमोरी उभी राहून दोन्हींतलं दूध परत पातेल्यात ओतलं, अर्धं-अर्धं.

"आई, हे काय?" लेकीने विचारलं. "दूध कमी आहे का?"

"पातेलंभर आहे. लागेल तसं देते. मी उभीच आहे."

तिने स्वतःसाठी तिसरा पेला घेतला, तोही अर्धाच भरला, आणि दोघींच्या समोर येऊन बसली.